अक्षरं मोजायची ती कुणी?

माझी कविता एका शिकल्यासवरल्या गृहस्थाला दाखवली. तो म्हणाला, "यात वृत्त नाही." मी साळखात्यातला माणूस. गप्प राहिलो. मग पाळी सुटली की वृत्तांचं पुस्तक घेऊन बसू लागलो.

मित्रहो, भानगड अशी आहे. अक्षरगणवृत्तात तीन-तीन अक्षरांचे आठ गण. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ ते गुरू. भुजंगप्रयात म्हणजे 'य' गण चार वेळा : लघु-गुरू-गुरू; एका ओळीत अक्षरं १२. हे सगळं संस्कृतातून आलं. आणि संस्कृत शिकायची बंदी कुणाला होती, ते तुम्हांला सांगायला नको.

आता चोखोबाचा अभंग बघा. थोरल्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं; दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. धाकट्यात आठ-आठ. लघु-गुरूचा जाच नाही, म्हणताना अक्षर लांबवायचं. म्हणजे हिशेब आहे आणि पक्का आहे. तो बोटांवर, टाळांवर होतो. त्याला पाठशाळा लागत नाही. सोयराबाईनं, कर्ममेळ्यानं याच छंदात देवाला जाब विचारला. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंतीखाली मेला. राबणाऱ्या माणसानं वापरलेला छंद आहे हा.

१९७२ साली 'गोलपिठा' आला, तो मुक्तछंदात. तीही वाट आपलीच.

तेव्हा "वृत्त नाही" असं कुणी म्हटलं तर विचारा, कुठलं? शास्त्र्याचं की चोखोबाचं? पण विचारण्याआधी दोन्ही मोजायला शिका. मी शिकलो. कविता मात्र होती तशीच ठेवली.