पल्ला आणि पगार

कोल्हापूरच्या उजळाईवाडीत विमानतळ आला तो छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली. पुढची कित्येक दशके तिथे उतरली ती प्रामुख्याने छोटी विमाने. केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवेच्या उडान योजनेत २०१८ साली अलायन्स एअरची सत्तर आसनी एटीआर विमाने हैदराबाद आणि बंगळूरहून येऊ लागली. पुढच्या वर्षी इंडिगोने तिरुपतीही कोल्हापूरला जोडले. तेलंगण आणि कर्नाटकातून दत्तदर्शनासाठी नृसिंहवाडीला येणाऱ्या भाविकांना रात्रभराच्या प्रवासाला एक पर्याय मिळाला. सकाळी घरून निघालेला माणूस त्याच दिवशी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करून पादुकांसमोर उभा राहू शकतो.

त्याला आणणारे दोन वैमानिक मात्र वाडीपर्यंत येत नाहीत. विमान धावपट्टीवर थांबते, प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि अर्ध्या-पाऊण तासात तेच दोघे परत निघतात. त्यांच्या दिवसात असे चार सेक्टर, म्हणजे उड्डाणाचे टप्पे, असू शकतात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा वैमानिक याच परवान्यावर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) याच नियमांखाली काम करतो; पण त्याचा पगार, त्याची झोप, त्याचे घर आणि समाजातला त्याचा मान हे सगळे निराळे. हे अंतर आपोआप पडलेले नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्यातली बरीचशी पाने मुंबईत लिहिली गेली.

सुरुवातीला असा भेद नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. दोन पुस मॉथ विमाने आणि जेआरडी, व्हिन्सेंट, होमी भरुचा असे मोजके वैमानिक एवढाच तो संसार होता. जो उडवी तो सगळ्या पल्ल्यांचा वैमानिक. उड्डाण शिकण्याचे ठिकाणही जवळच होते: १९२८ साली सुरू झालेला जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब. पुढे अनेक पिढ्यांनी पहिले तास तिथेच भरले.

पल्ल्यांची वाटणी झाली स्वातंत्र्यानंतर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कॅप्टन के. आर. गझदर यांनी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला नेले. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९५३ रोजी, हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन महामंडळे झाली. परदेशची उड्डाणे एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली. देशांतर्गत उड्डाणे करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. कायद्याने कंपन्या विभागल्या, पण त्याबरोबर वैमानिकांच्या दोन जातीही तयार झाल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. दोघांच्या ज्येष्ठता याद्या वेगळ्या, करार वेगळे, वाटाघाटींची टेबले वेगळी.

इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला मुख्यतः युद्धातून उरलेली डकोटा विमाने आली. त्या वैमानिकांचे आयुष्य कसे होते हे समजून घ्यायचे तर नागपूरकडे पाहावे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात जात आणि पहाटेपूर्वी चारही विमाने पुन्हा वाटेला लागत. पावसाळ्यातही, आजच्यासारख्या साधनांशिवाय हे चाले. ही सेवा १९७३ पर्यंत टिकली. देशाचे पत्र दुसऱ्या दिवशी घरी पोहोचे ते या जागरणावर. पण रात्रीच्या डकोटाच्या कॅप्टनला वलय नव्हते. ते एअर इंडियाच्या गणवेशाला होते.

त्या वलयामागे खरा फरकही होता. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले, त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली आणि १९७१ मध्ये ७४७ दाखल झाले. लांब पल्ल्याच्या विमानाचे सारथ्य एकाच जथ्याने अखेरपर्यंत करायचे नसते. वाटेतल्या शहरात एक जथा उतरतो, दुसरा चढतो. उतरलेले तिथे मुक्काम करतात आणि मागून येणाऱ्या विमानावर पुढे जातात. या मुक्कामाचा भत्ता परकीय चलनात मिळे. परकीय चलनावर कडक नियंत्रण असलेल्या त्या काळात पौंड-डॉलरमधल्या भत्त्याचे मोल पगाराच्या आकड्यापेक्षा मोठे होते. त्याची किंमतही मोजावी लागे. महिन्यातले कितीतरी दिवस घराबाहेर, झोपेचे घड्याळ कायम उलटसुलट, आणि मुलांच्या वाढदिवशी बाप दुसऱ्याच खंडात.

कमी पल्ल्याच्या वैमानिकाचा हिशोब याच्या उलट. एसटीच्या मुंबईच्या रातराणीचा चालक आणि कुरुंदवाड-इचलकरंजी फेऱ्या मारणारा चालक यांच्या दिवसांत जो फरक असतो, तोच इथे. फेऱ्या मारणारा रात्री बहुधा घरी असतो, पण गाडी थांबवणे, सोडणे, पुन्हा थांबवणे यातच त्याचा दिवस जातो. विमानाच्या कामातले सर्वांत एकाग्रतेचे क्षण उड्डाण आणि अवतरणाचे. मुंबई-औरंगाबाद-उदयपूरसारख्या मार्गावर ते दिवसातून अनेकदा येतात. लांब पल्ल्यावर उलट अडचण असते. नव्वद दिवसांत ठराविक उड्डाणे आणि अवतरणे केलीच पाहिजेत असा नियम आहे, आणि चौघांच्या जथ्यात आपली पाळी न आल्यामुळे काहींना ती संख्या सिम्युलेटरवर भरून काढावी लागते.

आणि पगार ज्या मापाने मोजला जाई त्यातच गोम होती. वैमानिकाच्या कमाईचा मोठा भाग उड्डाणभत्त्याचा, आणि भत्ता तासांवर. तास मोजले जातात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचे. न्यूयॉर्कच्या फेरीत कामावर असण्याचा बहुतेक वेळ हवेत जातो, म्हणजे तासांत धरला जातो. चार सेक्टर करणाऱ्याचा मोठा वेळ जमिनीवर जातो: इंधन, प्रवासी, हवामानाचे कागद, उशिरा आलेले सामान. तो कामावर बारा तास असला तरी उड्डाणाचे तास त्याच्या निम्मेच भरतात. त्यात मोठ्या विमानाला तासाचा दर जास्त. पल्ला लांब, विमान मोठे, म्हणून पैसे अधिक, हे समीकरण अर्धशतक चालले. अवतरणांचा हिशोब त्यात फारसा नव्हता.

भरतीच्या वाटा मात्र दोन्हीकडे सारख्याच होत्या. फ्लाइंग क्लबमधून परवाना घेतलेले तरुण आणि हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी. १९८० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजला सरकारी उड्डाण अकादमी निघाली, त्यानंतर महाराष्ट्रात बारामती आणि गोंदियाजवळच्या बिरसीतही प्रशिक्षण सुरू झाले. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, कडक वैद्यकीय तपासणी आणि दोनशे तासांचे उड्डाण, ही व्यावसायिक परवान्याची पायरी. खर्च मध्यमवर्गीय घराचे कंबरडे मोडणारा.

कमी पल्ल्याच्या कंपनीने एक दार मात्र लवकर उघडले. १९६६ मध्ये दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिक झाल्या. सौदामिनी देशमुखांचे नाव तर मराठी घरांत अभिमानाने घेतले गेले पाहिजे. १९८५ साली त्यांच्या नेतृत्वाखाली आणि निवेदिता भसीन यांच्या साथीने फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेले. केवळ स्त्रियांच्या जथ्याने नेलेले भारतातले ते पहिले प्रवासी उड्डाण. ही कामगिरी न्यूयॉर्कच्या ७४७ वर झाली नाही, ईशान्येच्या लहान धावपट्टीवर झाली. जानेवारी २०२१ मध्ये झोया अग्रवाल, पापागारी थन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूर गाठले. त्या सोळा हजार किलोमीटरच्या पाठीशी सिल्चरची ती फेरी उभी आहे.

नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि समीकरण हलले. जेट एअरवेज १९९३ मध्ये सुरू झाली. तिला तयार वैमानिक हवे होते आणि ते होते इंडियन एअरलाइन्सकडे. माणसे जाऊ लागली तसे सरकारी कंपनीला उत्पादकतेशी जोडलेला भत्ता द्यावा लागला. कमी पल्ल्याच्या वैमानिकाच्या कामाचे बाजारात काय मोल आहे हे पहिल्यांदाच उघड दिसले.

मग आले एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे २००७ चे विलीनीकरण. कागदावर दोन कंपन्या एक झाल्या, पण वैमानिकांचे करार आणि ज्येष्ठता याद्या वेगळ्याच राहिल्या. एकाच नावाच्या कंपनीत, एकाच रंगाच्या विमानात, एकाच हुद्द्याचे दोन कॅप्टन वेगवेगळ्या हिशोबाने पगार घेत होते. २७ एप्रिल २०११ रोजी पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने संप थांबवण्याचा आदेश दिला, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, तरी तो ६ मेपर्यंत चालला. त्यानंतर न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने वेतन आणि ज्येष्ठतेच्या एकत्रीकरणावर अहवाल दिला.

तोवर दुसऱ्या बाजूला असंतोष पेटला होता. कंपनीकडे ड्रीमलायनर येणार होते. त्याचे प्रशिक्षण दोन्हीकडच्या वैमानिकांना मिळणार, हे गिल्डला मान्य नव्हते. लांब पल्ल्याचे विमान म्हणजे आपली कमांड, आपली वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, असे त्यांचे म्हणणे. मे २०१२ मध्ये सुरू झालेला हा संप ५८ दिवस चालला. सुमारे वर्षभराच्या अंतराने दोन संप झाले, आणि दोन्हींच्या मुळाशी १९५३ ची वाटणी होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे होते. एकाने वीस वर्षे सहवैमानिकाच्या खुर्चीत कमांडची वाट पाहिली होती. दुसऱ्याने तीच वीस वर्षे दिवसाला चार-चार अवतरणे केली होती. दोघांचे श्रम एका तराजूत घालण्याची व्यवस्थाच कोणी उभारली नव्हती.

वैमानिक कुठे राहतो, कुठून उडतो, त्याचे रोस्टर कसे लागते, हे प्रश्न केवळ सोयीचे नाहीत. नागपूरच्या साठे कुटुंबातले कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून नागरी विमानसेवेत आले होते आणि मोठ्या विमानांचा अनुभव घेऊन एअर इंडिया एक्सप्रेसचे ७३७ उडवत होते. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री दुबईहून कोळिकोडला उतरताना पावसात त्यांचे विमान टेबलटॉप धावपट्टीवरून घसरले. ते, त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार आणि १९ प्रवासी मृत्युमुखी पडले. तपास अहवालाने अपघाताचे कारण म्हणून प्रमाणित कार्यपद्धती पाळली न गेल्याचे नोंदवले. पण तो तिथे थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करण्यासाठी कोळिकोडलाच परतण्याचा दबाव कॅप्टनच्या मनावर असावा, आणि त्या तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच कॅप्टन नेमलेला होता, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. मनुष्यबळाच्या धोरणातला दोष कॉकपिटपर्यंत कसा पोहोचतो, याचा याहून वेदनादायक पुरावा नाही.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. एप्रिल २०२३ मध्ये नव्या वेतनरचनेत हमीच्या उड्डाणतासांचा भत्ता ४० तासांवर ठरला. कोविडपूर्वी हमी ७० तासांची होती. त्याला विरोध करताना गिल्ड आणि असोसिएशन दोन्ही संघटना एकत्र उभ्या राहिल्या. परस्परविरोधी मागण्यांसाठी संप केलेल्या त्या दोघींना अकरा वर्षांनी सामाईक मुद्दा सापडला होता: आजारपण, विमानांची कमतरता किंवा प्रशिक्षण यांमुळे हवेतले तास कमी झाले तर घर कशावर चालवायचे?

अवतरणांचा आणि रात्रींचा हिशोब शेवटी नियमांत शिरला तो थकव्याच्या निमित्ताने. डीजीसीएच्या नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या अवतरणांची संख्या सहावरून दोनवर आणली. यातला दुसरा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या मर्यादेत बसतील इतके वैमानिक रोस्टरवर नव्हते. नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. देशातली सर्वांत मोठी कंपनी कमी पल्ल्याच्या वैमानिकांच्या जागरणावर किती टेकलेली होती, हे विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांना त्या आठवड्यात कळले.

दरम्यान पल्ल्यांची रेघच पुसट होत चालली आहे. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणे सुरू केली, ती भाड्याने घेतलेल्या ड्रीमलायनरवर. तिने मागवलेले एअरबस ए३२१ एक्सएलआर हे एकाच मार्गिकेचे, ए३२० च्या कुळातले विमान आठ हजार किलोमीटरहून जास्त जाऊ शकते. ए३२० वर देशातल्या कमी पल्ल्याच्या फेऱ्या करून वाढलेला वैमानिक उद्या याच कुळातल्या विमानाने युरोपात जाईल. विमानाच्या आकारावर आणि अंतरावर दर ठरवण्याची जुनी पद्धत अशा वैमानिकाला लागू करता येणार नाही. कंपन्यांना त्याच्या रात्री, त्याची अवतरणे, जमिनीवर खोळंबलेले तास आणि घराबाहेरचे दिवस हे चारही वेगवेगळे मोजून करार लिहावे लागतील. तो करार संपाची नोटीस येण्यापूर्वीच लिहिणे, १९५३ पासूनचा हा अनुभव गाठीशी असलेल्या देशाला जमायला हवे.