१८९४ साल आणि दोन चपला

काळेवाडीत संध्याकाळी दळण, दूध, भाजी आणायला निघालेल्यांचे पाय बघा. बहुतेकांच्या पायात हवाई चप्पल, म्हणजे आपली स्लीपर. कोल्हापुरी बसलीये कपाटात, लग्नाची नाहीतर गणपतीची वाट बघत. खरंतर रोज चालायला बनली होती ती कोल्हापुरीच! मग हे उलटं कसं झालं?

गंमत म्हणजे १८९४ हे साल दोन्हीकडे येतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर बसले. चप्पल त्याआधीही बनत होती, पण चामड्याला हात लावणाऱ्यांना गावाबाहेर ठेवणाऱ्या काळात या राजाने त्यांच्या धंद्याला उत्तेजन दिलं. त्याच वर्षी तिकडे युरोपात, झ्लिन गावात बाटा भावंडांनी जोड्यांचा कारखाना काढला. १९३१ साली ही कंपनी भारतात आली.

हवाई चपलेचं मूळ मात्र जपानी. तिथल्या गवताच्या 'झोरी'ची दुसऱ्या महायुद्धानंतर रबरी आवृत्ती निघाली. १९६२ साली ब्राझीलमध्ये 'हवायानास' आली, तिच्या तळावरची तांदळाच्या दाण्यासारखी नक्षी ही त्या झोरीचीच आठवण. आपल्याकडे बाटा आणि इतरांनी हा प्रकार घरोघरी पोचवला. स्वस्त, धुता येणारी, आणि पहिल्या दिवसापासून आरामदायी!

कोल्हापुरीचं तसं नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ. सुरुवातीला ती चावते. तेल लावा, थोडं थोडं चाला, मग ती तुमच्या पायाचा आकार घेते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एक 'डिफॉल्ट सेटिंग' आणि दुसरी 'कस्टमाइज्ड'.

मग रोज चालायला कुठली? २००८ साली अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की स्लीपर घालून चालणारे बूटवाल्यांपेक्षा आखूड पावलं टाकतात. सैल चप्पल सुटू नये म्हणून बोटं आवळून धरावी लागतात ना! त्यामुळे स्लीपर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि पावसात ठीक. तळ झिजून एका बाजूला कलला की सरळ बदला. कोरड्या दिवसांत थोडं लांब जायचं तर पायावर नीट बसलेली कोल्हापुरी बरी. घेताना तळाची शिवण बघा, खिळे दिसले तर ठेवून द्या. ओली मात्र करू नका.

२०१९ साली कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तशीच चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे खवळलो. बरोबरच होतं ते. पण कारागिराचं घर काही आपल्या रागावर चालत नाही. त्याची चप्पल आपण वर्षातून दोनदाच घालणार असू, तर ती झिजणार कधी, आणि तो दुसरी विकणार कुणाला?