दाण्याची नोंद आहे, पाल्याची नाही

एकाच झाडाला आपण दोन नावे ठेवली आहेत, हे कधी ध्यानात आले का? दाणा ते धने, पाला ती कोथिंबीर. धने हा शब्द संस्कृत ‘धान्यक’च्या घराण्यातला, आणि कोथिंबीर ‘कुस्तुंबुरु’च्या. हा दुसरा शब्द फार जुना. पाणिनीने अष्टाध्यायीत त्याच्यासाठी एक वेगळे सूत्रच दिले आहे. शब्द लोकांच्या तोंडी असल्याखेरीज व्याकरणकार कशाला एवढी तसदी घेईल?

जगाच्या इतिहासात मात्र मान मिळाला तो दाण्याला. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. सोन्यानाण्याच्या त्या पसाऱ्यात धनेही होते, सुमारे अर्धा लिटर, म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ मापटेभर. तेहतीसशे वर्षांपूर्वीचे हे धने! हे झाड तिथे रानात आपोआप उगवत नाही, तेव्हा कोणीतरी ते पेरलेच असले पाहिजे, असे जाणकार मानतात. ग्रीसजवळच्या क्रीट बेटावर राजवाड्यातील हिशेबाच्या मातीच्या पाट्या निघाल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी ती लिपी उलगडली, आणि त्या हिशेबांतही धने निघाले.

आता बघा, धने वर्षभर टिकतात, गलबतातून जातात, मापाने मोजता येतात. म्हणून ते कारकुनाच्या वहीत आले. पाला सकाळी उपटावा तर संध्याकाळी मान टाकतो. त्याचा कोण हिशेब ठेवणार? ज्याला पाला खायचा त्याला तो चुलीजवळच लावावा लागे, आणि ते काम बहुतेक घरच्या बाईचे. परसात, आडाच्या कडेला मूठभर धने टाकणाऱ्या त्या आज्यापणज्यांचे नाव कोणत्याच पाटीवर नाही. शिक्षक मंडळींनी मुलांना एवढे सांगावे: घरी आजीला विचारा, ती धने कसे आणि कधी पेरायची, आणि वहीत लिहून आणा. इतिहासाचा हा तास फुकट जाणार नाही.

परस नसले तरी अडत नाही. फुटके घमेले किंवा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, बुडाला भोके पाडा. मूळ सरळ खाली जाते, तेव्हा माती वीतभर खोल हवी. तीत कुजलेले शेणखत मिसळा. अख्खा धना म्हणजे दोन बियांची जोडी. चपलेखाली हलक्या हाताने रगडून ती फोडायची, अगदी भुगा करायचा नाही. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. आठवड्या-पंधरवड्यात कोंब दिसतात. वाण्याकडचे धने फार जुने असले तर मात्र उगवत नाहीत, आणि भाजलेले तर मुळीच नाहीत! रोप उपटून दुसरीकडे लावू नका, ते रुसते. उन्हाळ्यात दुपारची सावली द्या, नाहीतर पाला सोडून ते लगेच फुलावर येते.

दोनचार रोपे मात्र मुद्दाम फुलू द्या. पांढरी फुले येतील, मग हिरवे दाणे. ते बोटांत चुरडले की ढेकणासारखा वास येतो. ग्रीक भाषेतले या झाडाचे नाव त्यावरूनच पडले, असे काही जण म्हणतात. वाळता वाळता तो वास जातो आणि धन्याचा सुवास उतरतो. दाणे पिवळसर तपकिरी झाले की कापा, सावलीत सुकवा, आणि पुढच्या पेरणीपुरते मसाल्याच्या डब्यापासून वेगळे बांधून ठेवा.