मराठवाड्यातील खादी टोपी

मराठवाड्यातील खादी टोपी म्हणजे हातकताईच्या सुतापासून हातमागावर विणलेल्या कापडाची, दोन्ही टोकांना निमुळती व घडी घालता येणारी पांढरी टोपी होय. ती सर्वसाधारणपणे गांधी टोपी या नावाने ओळखली जाते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत शेतकरी, वारकरी, स्वातंत्र्यसैनिक, शिक्षक आणि सार्वजनिक कार्यकर्ते यांच्या पोशाखाचा ती दीर्घकाळ भाग राहिली आहे. या टोपीमागे कापूस, पेळू, सूत, कापड आणि शिवण अशी श्रमांची साखळी असून तीत ग्रामीण स्त्रियांचा वाटा मोठा आहे. गिरणीच्या व मिश्र धाग्याच्या स्वस्त टोप्यांमुळे हा लघुउद्योग आकसला असला, तरी उन्हात वापरण्याचे टिकाऊ व पर्यावरणस्नेही शिरोवस्त्र म्हणून खादीच्या टोपीचा अलीकडे नव्याने विचार होऊ लागला आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात डोके झाकण्याची परंपरा जुनी आहे. शेतात राबणारा माणूस मुंडासे, पटका किंवा रुमाल बांधत असे. कित्येक हात लांबीचे हे सुती वस्त्र उन्हापासून डोके, कान व मान यांचे रक्षण करी. प्रसंगी भाकरी बांधण्यास, ओझ्याखाली चुंबळ करण्यास किंवा घाम पुसण्यासही उपयोगी पडे. पावसाळ्यात गुराखी व मेंढपाळ घोंगडीची खोळ करून ती डोक्यावरून घेत. शिवलेली टोपी ही त्या मानाने अलीकडची वस्तू आहे.

१९४८ पर्यंत नांदेड व आजचा लातूर जिल्हा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत. संस्थानात शिरोवस्त्रावरून माणसाचा हुद्दा, धर्म आणि राजकीय कल ओळखला जाई. दरबारी मंडळी दस्तार वापरीत, सुशिक्षित मुस्लिम वर्गात रूमी टोपी रूढ होती, तर नोकरदार व व्यापारी हिंदूंत पगडी, रुमाल आणि काळी टोपी प्रचलित होती. अशा समाजात पांढरी खादी टोपी डोक्यावर चढवणे ही केवळ पोशाखाची बाब राहिली नाही.

इतिहास

गांधी टोपीचा उगम असहकार आंदोलनाच्या काळातील आहे. काश्मिरी लोकांच्या टोपीवरून हा आकार सुचल्याचे महात्मा गांधींनी काका कालेलकर यांना सांगितले होते. टोपी स्वस्त असावी, कमी कापडात व्हावी, घडी घालून खिशात ठेवता यावी आणि सहज धुता यावी, असा त्यामागील विचार होता. रंगीत टोपीवर घाम व मळ दिसत नाही. पांढऱ्या टोपीवर तो दिसतो, म्हणून ती धुतली जाते आणि स्वच्छता राखली जाते, हे पांढरा रंग निवडण्याचे एक कारण होते. स्वतः गांधींनी ही टोपी थोडाच काळ वापरली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी पंचा स्वीकारला व शिरोवस्त्राचा त्याग केला. टोपी मात्र अनुयायांच्या डोक्यावर राहिली. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाल्यानंतर खादीच्या उत्पादनाला व विक्रीला संघटित रूप आले.

हैदराबाद संस्थानात राजकीय संघटनांवर कडक निर्बंध होते. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) हे राष्ट्रीय शिक्षण आणि खादी या दोन्ही कार्यांशी निगडित होते. त्यांच्या प्रभावाखालील तरुण शिक्षक व विद्यार्थ्यांत खादीचा प्रसार झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खादी टोपी ही मराठवाड्यातील ग्रामीण नेतृत्वाची जवळजवळ सार्वत्रिक खूण झाली.

संस्थात्मक रचना

१९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग अधिनियमानुसार १९५७ मध्ये आयोगाची स्थापना झाली. या कायद्याने खादीची व्याख्या निश्चित केली. भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी धाग्यापासून, अथवा त्यांच्या मिश्रणापासून, भारतात हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. धागा यंत्रावर कातलेला असेल, तर हातमागावर विणूनही ते कापड खादी ठरत नाही. हा भेद टोपीच्या खरेदीदाराला सहसा ठाऊक नसतो.

नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही विभागातील प्रमुख खादी संस्था आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणलेल्या खादीपासून नांदेड येथे राष्ट्रध्वज तयार केले जातात. या कामामुळे दोन्ही गावांची नावे देशभर पोहोचली आहेत. ध्वजाच्या कापडासाठी भारतीय मानक ब्यूरोने धाग्याची जाडी, वीण, वजन, रंगाचा पक्केपणा यांविषयी काटेकोर निकष ठरवून दिले आहेत. टोपीच्या कापडाला असे निकष नाहीत. टोपी साध्या पांढऱ्या खादीतूनही होते.

निर्मितीप्रक्रिया

नांदेड जिल्हा कापसाचा जुना प्रदेश आहे. येथील गावराणी हा देशी कापूस निजामकाळात व्यापारात नावाजलेला होता. पुढे नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रातून एनएचएच ४४ हा संकरित वाण प्रसारित झाला व कोरडवाहू शेतकऱ्यांत लोकप्रिय ठरला. तथापि, गावात पिकलेला कापूस त्याच गावात कातला जातो, ही समजूत आज बहुतांशी खरी नाही. खादी संस्थांना लागणारे पेळू मुख्यतः आयोगाच्या केंद्रीय पेळू निर्मिती केंद्रांतून येतात.

पेळूपासून सूत काढण्यासाठी पूर्वी तकली व पेटी चरखा वापरीत. आता बहुधा अनेक चात्या असलेला, हाताने फिरवायचा अंबर चरखा किंवा त्याचे सुधारित रूप वापरले जाते. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. कातलेले सूत १००० मीटरच्या गुंडीत मोजले जाते व मजुरी गुंडीमागे ठरते. सूत जितके एकसारखे, तितके ते मागावर कमी तुटते. म्हणून कताईतील कौशल्याचा परिणाम विणकराच्या रोजच्या कमाईवर होतो.

विणकर सुताचा ताणा तयार करून त्याला खळ देतो. कांड्या भरून धोट्याच्या साहाय्याने आडवा धागा घातला जातो व फणीने ठोकला जातो. तयार झालेले कोरे कापड धुऊन व विरंजन करून पांढरे केले जाते.

टोपीची शिवण

टोपीचे मुख्य भाग तीन असतात: दोन बाजूंच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारा लांबट माथा. पट्ट्या सहसा दुहेरी कापडाच्या असतात, त्यामुळे टोपी ताठ उभी राहते. पुढे व मागे पट्ट्या एकत्र येऊन टोक तयार होते. माथ्याचा तुकडा आत दुमडत असल्याने टोपीची सपाट घडी पडते. टोपीचे माप डोक्याच्या घेरावरून ठरते. कापड आडवे-तिडवे कापले गेल्यास धुतल्यावर टोपी पिळवटते. खादी पहिल्या धुण्यात आटत असल्याने अनुभवी शिंपी कापड आधी भिजवून घेतो किंवा माप थोडे सैल ठेवतो.

एका टोपीला एक मीटरपेक्षा पुष्कळच कमी कापड लागते. सदरे किंवा चादरी बेतताना उरलेल्या तुकड्यांतूनही टोप्या निघतात. धुतल्यानंतर खळ व नीळ देऊन इस्त्री करण्याची पद्धत आहे. कडक इस्त्रीची टोपी सभासमारंभाची, तर बिनखळीची मऊ टोपी शेताची, असा व्यवहारातील भेद दिसतो.

उघड्यावरील वापर

नांदेड व लातूर जिल्ह्यांत मे महिन्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. शेतमजूर, गुराखी, वीटभट्टीवरील कामगार, फेरीवाले आणि आषाढीला पंढरपूरकडे पायी जाणारे वारकरी यांना दिवसाचा मोठा भाग उघड्यावर काढावा लागतो. हातकताईच्या सुताचा पीळ काहीसा असमान असतो व वीण तुलनेने मोकळी राहते. त्यामुळे खादीत हवा खेळती राहते व घाम शोषला जाऊन वाळतो. पांढरा रंग सूर्यप्रकाश परावर्तित करतो. टोपी ओली करून घातल्यास पाण्याच्या बाष्पीभवनाने डोक्याला गारवा मिळतो.

तथापि, गांधी टोपीला काठ नसल्याने चेहरा, कान व मान उघडी राहतात. उन्हापासून संरक्षणाच्या दृष्टीने ही तिची ठळक मर्यादा आहे. म्हणूनच भर उन्हात काम करणारे अनेक जण टोपीवरून उपरणे किंवा रुमाल गुंडाळतात. माहूर, कंधार, उदगीर व औसा येथील किल्ले किंवा किनवट तालुक्यातील वनप्रदेश व पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पाहण्यास जाणाऱ्या पायी भटकंती करणाऱ्यांसाठी गोल काठाची सुती टोपी किंवा रुमाल अधिक उपयुक्त ठरतो. जाड खादीपासून काठाच्या टोप्या शिवणे शक्य आहे. काठाला ताठपणा येण्यासाठी कापडाचे अनेक थर एकत्र शिवावे लागतात.

पर्यावरणीय बाजू

कताई व विणाई हाताने होत असल्याने या टप्प्यांवर विजेचा वापर अत्यल्प असतो. शुद्ध सुती टोपी जीर्ण झाल्यावर मातीत कुजते. तिला प्लास्टिकची झडप, बक्कल अथवा कृत्रिम अस्तर नसते. फाटलेली टोपी पुसणे, बोळा किंवा गोधडीतील ठिगळ म्हणून घरात वापरली जाते.

मात्र खादी म्हणजे सेंद्रिय, असे समीकरण मांडता येत नाही. कापसाच्या लागवडीत रासायनिक खते व कीटकनाशके वापरली गेली असल्यास हातकताईने तो परिणाम पुसला जात नाही. विरंजनासाठी पाणी व रसायने लागतात. शिवणीसाठी अनेकदा पॉलिस्टरचा दोरा वापरला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, त्या प्रदेशात कापड पांढरे करण्यासाठी लागणारे पाणी हा दुय्यम प्रश्न नाही. कोरी, विरंजन न केलेली खादी हा त्यावरील एक साधा पर्याय आहे.

बाजारपेठ व आव्हाने

खादी टोपीची विक्री खादी भांडारे, आठवडी बाजार आणि यात्रांमधून होते. २ ऑक्टोबरच्या गांधी जयंतीपासून खादीवर सवलत देण्याची प्रथा असून त्या काळात विक्री वाढते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा गांधी टोपी, खादीचे सूत व राष्ट्रध्वज यांना करातून सूट देण्यात आली.

मुख्य स्पर्धा गिरणीच्या कापडाच्या व टेरिकॉटच्या टोप्यांशी आहे. त्या स्वस्त असतात, लवकर वाळतात आणि इस्त्रीशिवाय ताठ राहतात. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात छापील मजकुराच्या पांढऱ्या टोप्यांची लाट आली; पुढे अनेक राजकीय पक्षांनी रंगीत टोप्यांचा प्रचारासाठी वापर केला. या टोप्यांचा आकार गांधी टोपीचा असला, तरी कापड बहुधा खादीचे नसते. त्यामुळे मागणी वाढूनही तिचा लाभ सूत कातणाऱ्यांपर्यंत फारसा पोहोचत नाही. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रनिर्मित व पॉलिस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली, तेव्हाही खादी संस्थांनी अशीच चिंता व्यक्त केली.

दुसरी अडचण मजुरीची आहे. गुंडीच्या दराने मिळणारी कमाई शेतमजुरीच्या तुलनेत अपुरी ठरल्यास नवी पिढी चरख्याकडे वळत नाही. पोशाखातील बदलामुळे तरुणांत टोपीचा नित्य वापरही कमी झाला असून ती लग्नसमारंभ, वारी, अंत्ययात्रा व राष्ट्रीय सण यांपुरती उरत चालली आहे. दुसरीकडे, घरी बसून करता येणारे आणि थोड्या भांडवलात सुरू होणारे काम म्हणून चरखा व शिवणयंत्र यांचे महत्त्व कोरडवाहू गावांतील स्त्रियांसाठी कायम आहे.

भाषा व लोकजीवन

ग्रामीण भागात पाहुण्याचा सत्कार टोपी-टॉवेल देऊन करण्याची पद्धत आहे. लग्नात व्याह्यांना व वडीलधाऱ्यांना टोपी घालून मान दिला जातो. उघड्या डोक्याने देवदर्शनास किंवा पंगतीस बसू नये, असा संकेत जुन्या पिढीत पाळला जातो. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे आणि ‘टोपी फिरवणे’ म्हणजे शब्द बदलणे, असे वाक्प्रचार रूढ आहेत. मानाचे व अविश्वासाचे असे दोन्ही अर्थ एकाच वस्तूला चिकटले आहेत.

हेही पहा

खादी
अंबर चरखा
घोंगडी
फेटा
मराठवाडा मुक्तिसंग्राम
स्वामी रामानंद तीर्थ
उदगीर