कॅथलिक संघात फादर किंवा ब्रदर कसे होतात?

भंडारा जिल्हा कॅथलिक चर्चच्या नागपूर महाधर्मप्रांतात येतो. येथील कॅथलिक तरुणाला धर्मगुरू व्हायचे असल्यास दोन वाटा आहेत. एक, आर्चबिशपांच्या अधिकाराखाली महाधर्मप्रांताचा धर्मगुरू होणे. दुसरी, एखाद्या संघात जाणे. १८३८ मध्ये फ्रान्समधील आजच्या ॲनेसी शहरात स्थापन झालेला सेंट फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी संघ एकोणिसाव्या शतकापासून नागपूर भागात आहे.

फादर आणि ब्रदर यांत फरक काय?

संघातील दोघेही दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात. फादरला गुरुदीक्षा मिळते, म्हणून तो मिस्सा अर्पण करतो आणि पापनिवेदन ऐकतो. ब्रदरला गुरुदीक्षा नसते. तो शाळा, दवाखाना, शेती किंवा हिशेब सांभाळतो. फादर होण्यासाठी शिकणाऱ्यांनाही ‘ब्रदर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. कायमचा ब्रदर म्हणजे शिक्षण अर्धवट राहिलेला फादर नव्हे. ते स्वतंत्र जीवन आहे.

टप्पे कोणते?

चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचा तयारीचा काळ, वयाची १७ वर्षे पूर्ण झाल्यावरच सुरू होतो आणि किमान १२ महिने चालतो. विवाहबंधनात असलेल्याला प्रवेश नाही. धाक किंवा फसवणुकीमुळे आलेल्याचा प्रवेशही ग्राह्य धरत नाहीत. नंतर ठरावीक मुदतीची व्रते होतात. कायमची व्रते साधारण तीन ते सहा वर्षांनी. फादर होणाऱ्याला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास करावा लागतो. गुरुदीक्षेसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत.

घरच्या जमिनीचे काय?

धानशेती असलेल्या कुटुंबाला हा प्रश्न पडतोच. पहिल्या व्रतांपूर्वी उमेदवार आपल्या मालमत्तेची व्यवस्था पसंतीच्या व्यक्तीकडे सोपवतो. कायमच्या व्रतांपूर्वी त्याला देशाच्या कायद्याने वैध असे मृत्युपत्र करावे लागते. त्यानंतरची कमाई मात्र संघाची असते. म्हणून आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय काय, हे आधीच बोलून घ्यावे.

मन बदलले तर?

नोव्हिशिएटमधून केव्हाही परत येता येते. मुदतीची व्रते संपली की घरी जाण्याची मोकळीक असते. कायमच्या व्रतांनंतर मात्र चर्चची परवानगी लागते. त्याआधीची वर्षे दोन्ही बाजूंनी पारखण्यासाठीच असतात; त्या काळात परतणे म्हणजे नापास होणे नव्हे.