ब्यूर्टझोर्ग

ब्यूर्टझोर्ग ही नेदरलँड्समधील घरपोच शुश्रूषा पुरविणारी, नफ्याचा हेतू नसलेली संस्था आहे. डच भाषेत 'ब्यूर्ट' म्हणजे वस्ती आणि 'झोर्ग' म्हणजे काळजी. योस दे ब्लॉक या परिचारकाने काही सहकाऱ्यांसह २००६ मध्ये ती स्थापन केली.

तत्पूर्वी तेथील गृहशुश्रूषेचे तुकडे पडले होते. इंजेक्शन, आंघोळ, मलमपट्टी अशा प्रत्येक कामास ठरावीक मिनिटे व निराळा दर. त्यासाठी येणारी माणसेही निराळी. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या दारात वरचेवर नवा चेहरा येई आणि त्याची प्रकृती हळूहळू खालावते आहे हे कोणाच्या ध्यानात येणे अवघड होई.

ब्यूर्टझोर्गमध्ये जास्तीत जास्त १२ जणांचा गट एका वस्तीची जबाबदारी घेतो. गटावर व्यवस्थापक नसतो. रुग्ण स्वीकारणे, वेळापत्रक, नवी नेमणूक हे सारे गटच ठरवितो. अडल्यास मार्गदर्शक सल्ला देतात, हुकूम नाही. पहिल्या भेटीत परिचारिका रुग्णासोबत कॉफी घेत त्याची दिनचर्या, नातलग, शेजारी यांची माहिती करून घेते. रुग्ण स्वावलंबी व्हावा, हा हेतू. मोजे स्वतः चढविण्यास शिकविताना आज अधिक वेळ गेला, तरी पुढील कित्येक भेटी वाचतात. सहकाऱ्याची चूक तोंडावर सांगणे मात्र अशा गटांना जड जाऊ शकते. ते काम सोपविण्यास वरिष्ठच नसतो.