हेडमास्तर कोणी व्हायचं?

जोनाथन स्विफ्ट शिकला ती शाळा म्हणजे किलकेनी कॉलेज. नावात कॉलेज, पण आहे शाळाच. 1680च्या दशकात ऑर्मंडचा ड्यूक जेम्स बटलर याने तिची नियमावली घालून दिली. हेडमास्तर कसा हवा? विद्वान, सदाचारी, राजनिष्ठ आणि प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडला मानणारा. शाळा कशी चालवायची हे तो कुठे शिकणार, याचा विचारच नव्हता. 1695च्या कायद्याने तर कॅथलिकांना उघडपणे शिकवायलाच बंदी केली. ती 1782मध्ये सैल झाली आणि त्याच वर्षी किलकेनीत कॅथलिकांचं सेंट किरन्स कॉलेज सुरू झालं.

म्हणजे पद मिळायचं ते तुम्ही कोण आहात यावर. आता 2017पासून लिमरिक विद्यापीठ इतर विद्यापीठांसोबत शालेय नेतृत्वाची पदव्युत्तर पदविका चालवतं. नोकरी सांभाळून शिक्षक ती करतात. शिकवण्याला दिशा देणं, शाळेचा कारभार पाहणं, सहकाऱ्यांना घडवणं या गोष्टी आता शिकता येतात, हे त्यात मान्य केलेलं आहे.

अर्थात आजही आयर्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. त्यामुळे इथे मुख्याध्यापक व्हायचं स्वप्न असेल, तर पदविकेइतकाच हा इतिहासही वाचून ठेवा. मुलाखतीत शाळेच्या धार्मिक परंपरेविषयी विचारलं, तर तो प्रश्न कुठून आला ते कळेल.